आजाराचं नाव बदललं तर?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कागल पंचतारांकित एमआयडीसीत आम्ही गिरणी कामगार पाळीवर राबतो. वस्तीतल्या मनाच्या आजाराच्या पोरांबरोबर दवाखान्याच्या वाऱ्या करताना एक अडचण आम्हांला वारंवार दिसली. आधी केसपेपरवर 'बायपोलर' लिहिलेलं असतं. दोन वर्षांनी 'स्किझोफ्रेनिया' होतं. मग आई म्हणते, "डॉक्टरलाच कळंना, गोळ्या कशाला द्यायच्या?" गोळ्या सुटतात, घरात अंगारा येतो. पोरगं पुन्हा बिघडतं, हातची नोकरी जाते.

बंधूंनो, साखरेला रक्ततपासणी आहे. हे दोन आजार वेगळे ओळखणारी रक्ततपासणी आजही नाही. १८९९ साली क्रेपेलिन या जर्मन डॉक्टरांनी ते वेगळे मांडले, तेही रोगी पुढं वर्षानुवर्षं कसा राहतो ते पाहून. बायपोलरच्या जोरातही कानात आवाज येतात, संशय येतो. जोर किंवा उदासी ओसरल्यावरही ते टिकले, तर डॉक्टर दुसरा विचार करतात. दोन्ही ठळक दिसलं तर 'स्किझोअफेक्टिव्ह' हे तिसरं नावही आहे. पहिल्या झटक्यात जे दिसत नाही, ते काळ दाखवतो.

म्हणून घरात एक वही ठेवा. झोप किती झाली, आवाज केव्हा आले, मन कसं होतं, गोळी कोणती, नशापाणी झालं का, हे रोग्याला सोबत घेऊन लिहा. डॉक्टर बदलला तरी वही आणि जुनी फाईल न्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रोग्याला आपले कागद मागायचा हक्क दिलाय. नाव का बदललं, गोळी का बदलली, हे बिनधास्त विचारा. पण गोळी आपल्या मनानं थांबवू नका. लिथियम चालू असेल तर रक्ततपासणी चुकवू नका. जागरणानं बायपोलर उसळतो; डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन दिवसपाळी मागा, आम्ही संगं येऊ. 'टेली मानस'चा १४४१६ हा सरकारी फोन मोफत आहे.

भगवान बुद्धांनी दोन बाणांचा दृष्टांत दिलाय. पहिला बाण दुखण्याचा, दुसरा त्यावर मनानं ओढवून घेतलेल्या दुःखाचा. आजार हा पहिला बाण. 'येडा' म्हणून हिणवणं, सोयरीक मोडणं, यानं दुसरा बाण खोल जातो. केसपेपरवर काहीही लिहिलेलं असो, त्या पोराला विहारात आपल्या शेजारी बसवा. एवढी मैत्री आपल्या हातात आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!