कोरियाच्या विद्येची वाट

एखाद्या सुशिक्षित घरांत नुकतीच पदवी घेतलेली मुलगी, ‘आतां कोरियन भाषेचा अभ्यास करावा म्हणतें’ असें सांगूं लागली, म्हणजे वडील मंडळी क्षणभर एकमेकांकडे पाहतात. वैद्यकी त्यांना समजते, स्थापत्य समजतें, हिशेबनिशीही समजते. पण कोरियाची भाषा, इतिहास आणि वाङ्मय शिकून पोट कसें भरावयाचें, हा प्रश्न ओठांवर आल्यावांचून राहत नाहीं. प्रश्न रास्त आहे, व त्याला उडवाउडवीचें उत्तर देऊन भागणार नाहीं. पडद्यावरील कोरियन मालिका पाहून लागलेली गोडी निराळी, आणि ज्यावर आयुष्याचीं आठदहा वर्षें वेंचावयाचीं तो व्यासंग निराळा. यास्तव या विद्येची योग्यता काय, ती संपादण्यास साहाय्य कोठून मिळतें, आणि अखेरीस पदरांत काय पडतें, या तीन गोष्टी क्रमानें पाहिल्या पाहिजेत.

पूर्वी विद्येचा हा प्रवास उलट दिशेनें होत असे. कोरियांतील सिल्ला राज्याचा हेचो नांवाचा तरुण भिक्षु प्रथम चीनमध्यें गेला, आणि इ. स. ७२३ च्या सुमारास समुद्रमार्गें हिंदुस्थानास आला. येथील तीर्थक्षेत्रें आणि राज्यें पाहून मध्य आशियाच्या खडतर वाटेनें तो ७२७ सालीं चीनच्या पश्चिम ठाण्यांत पोंचला. त्याचा प्रवासवृत्तांत हजारांहून अधिक वर्षें लुप्त होता. १९०८ सालीं पॉल पेलिओ या फ्रेंच पंडिताला तुनह्वांगच्या गुहेंत त्याची एक खंडित प्रत सांपडली. ती आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहे. हेचोचें उर्वरित आयुष्य चीनमध्येंच गेलें. त्याला ना शिष्यवृत्ति होती, ना परतल्यावर एखाद्या जागेचें आश्वासन. होती ती एकच गोष्ट: ज्या देशाविषयीं ऐकलें तो स्वतः पाहावा, ही तळमळ.

हेचोच्या मायदेशानें हिंदुस्थानचें ऋण मोठ्या निष्ठेनें जपलें. दक्षिण कोरियांतील हेइन्सा या मठांत बौद्ध ग्रंथ कोरलेल्या ८१,२५८ लांकडी फळ्या आहेत. त्यांच्या पूर्वीचा संच १२३२ सालीं मोंगलांच्या स्वारींत जळून गेला, तेव्हां तेराव्या शतकाच्या मध्यास, स्वाऱ्या चालूच असतां, हा संच नव्यानें कोरण्यांत आला. १९२४ ते १९३४ या काळांत तोकिओ येथें छापलेली, आणि आज जगभर प्रमाण मानलेली, चिनी त्रिपिटकाची आवृत्ति मुख्यत्वें याच कोरियन पाठावर उभी आहे. जे ग्रंथ हिंदुस्थानांत नामशेष झाले त्यांतील कित्येक येथें चिनी भाषांतराच्या रूपानें जिवंत राहिले.

हें धन उकलावयाचें तर चिनी लिपीशीं झुंजलें पाहिजे, हें महाराष्ट्रांतील एका पंडितानें फार पूर्वीं ओळखलें होतें. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयांतील पालीचे प्राध्यापक पुरुषोत्तम विश्वनाथ बापट यांनीं ‘विमुत्तिमग्ग’ या ग्रंथाचा अभ्यास हातीं घेतला. त्याचें मूळ पाली उपलब्ध नव्हतें. सहाव्या शतकांतील चिनी भाषांतर तेवढें शिल्लक होतें. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनीं मिळविली, आणि १९३७ सालीं त्या ग्रंथाची बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्गा’शीं केलेली तुलना पुण्याहून प्रसिद्ध केली. पुढें १९७० मध्यें, वयाची पंचाहत्तरी गांठली असतां, हिराकावा या जपानी विद्वानाच्या सहकार्यानें त्यांनीं विनयावरील एका चिनी टीकेचें इंग्रजी भाषांतर पूर्ण केलें. तें भांडारकर संशोधन मंदिरानें छापिलें. पालीच्या एका अध्यापकाला चिनी भाषा कोणीं सक्तीची केली नव्हती; विषयानें ती मागितली, म्हणून त्यांनीं ती आत्मसात केली.

विषय काय मागतो, हाच येथें खरा प्रश्न आहे. कोरियन लिपि शिकणें अवघड नाहीं. राजा सेजोंग यानें ती १४४६ सालीं प्रजेच्या हातीं दिली. तेव्हां २८ असलेलीं अक्षरें आज २४ आहेत, व जिज्ञासु विद्यार्थी तीं आठवड्याभरांत वाचूं लागतो. परंतु ‘जोसन’ राजघराण्याची १३९२ पासूनची ४७२ वर्षांची बखर वाचावयास घेतली कीं ही लिपि कामास येत नाहीं. कारण ती बखर अभिजात चिनी भाषेंत लिहिलेली आहे. १९१० ते १९४५ पर्यंत कोरियावर जपानचा अंमल होता, म्हणून त्या काळचें दप्तर बव्हंशीं जपानी भाषेंत आहे. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाला हें नवल वाटावयास नको. त्याला मराठी येतें म्हणून पेशवे दप्तर वाचतां येत नाहीं. मोडी पाहिजे, आणि मोंगल दरबारचे कागद उलगडावयाचे तर फारसीही पाहिजे. तसाच कोरियाचा इतिहासकार तीन भाषांच्या शिदोरीवांचून मजल मारूं शकत नाहीं.

आतां साहाय्याकडे वळूं. कोरियन सरकारची ‘ग्लोबल कोरिया स्कॉलरशिप’ ही परदेशी विद्यार्थ्यांना दिली जाते. तींत जाण्यायेण्याचें विमानभाडें, शिक्षणशुल्क आणि मासिक वेतन यांची तरतूद असते. प्रथम वर्षभर केवळ भाषाशिक्षण, आणि त्यानंतर पदवीचीं चार, एम. ए. चीं दोन किंवा डॉक्टरेटचीं तीन वर्षें, असा तिचा सर्वसाधारण क्रम आहे. अर्ज वकिलातीमार्फत करतां येतो किंवा थेट विद्यापीठाकडे. ‘टोपिक’ नांवाची भाषेची परीक्षा आहे, तिच्या सहा पायऱ्या आहेत. भाषावर्षाच्या अखेरीस निदान तिसरी पायरी गांठावी लागते. या परीक्षेचें प्रमाणपत्र दोनच वर्षें ग्राह्य असतें, ही गोष्ट अर्जदारानें विसरूं नये. १९९१ सालीं स्थापन झालेलें कोरिया फाउंडेशन संशोधकांना व अध्यापकांना साहाय्य करतें. १९७८ सालीं निघालेल्या कोरियन विद्या अकादमीचें स्वतःचें पदव्युत्तर विद्यालय आहे. जपान सरकारची शिष्यवृत्ति तर १९५४ पासून चालू आहे.

नियम वर्षावर्षाला बदलतात, म्हणून त्या त्या वर्षाचें सूचनापत्रकच प्रमाण मानावें. ऐकीव माहितीवर विसंबूं नये. अर्जाबरोबर आपण काय शिकणार आणि कां शिकणार, याचें निवेदन मागतात. तेथेंच पुष्कळांची फजिती होते. ‘मला कोरियन संस्कृति फार आवडते’ हें वाक्य परीक्षकांनीं शेंकडों अर्जांत वाचलेलें असतें. त्याऐवजीं ज्यानें एक लहानसा, पण नेमका प्रश्न धरला आहे, आणि त्यासाठीं कोणतीं साधनें व कोणती भाषा लागेल हें जाणलें आहे, त्याचा अर्ज आपोआप वर येतो.

शेवटचा प्रश्न उपजीविकेचा. येथें घरच्यांची दिशाभूल करूं नये. हिंदुस्थानांत कोरियन भाषेचें पदवीपासून डॉक्टरेटपर्यंतचें शिक्षण देणाऱ्या संस्था बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. दिल्लीचें जवाहरलाल नेहरू विद्यापीठ त्यांत अग्रगण्य. अर्थात् प्राध्यापकाच्या जागा थोड्या, आणि त्या रिकाम्या होण्याचे प्रसंगही विरळा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें माध्यमिक शाळांत शिकवावयाच्या परदेशी भाषांत कोरियनचें नांव घातलें आहे. परंतु धोरणांत नांव असणें आणि शाळेंत शिक्षकाची नेमणूक होणें, यांत बरेंच अंतर असतें. उलटपक्षीं दुभाष्याचें व भाषांतरकाराचें काम पुण्याच्या आसपासच निर्माण झालें आहे. रांजणगांवास एल. जी. चा कारखाना आहे, आणि तळेगांवचा मोटारींचा कारखाना विकत घेण्याचा करार ह्युंदाईनें २०२३ सालीं केला.

तेव्हां निवड करतांना मनाशीं एक स्पष्ट ठरविलें पाहिजे. कारखान्यांत दुभाषी होण्यासाठीं चोख व्यवहारी भाषा पुरे. त्यासाठीं डॉक्टरेटचीं वर्षें खर्चूं नयेत. उलट, ज्याला पंडिताची वाट धरावयाची आहे त्यानें शिष्यवृत्तीला मुक्काम समजूं नये. ती केवळ वाटखर्ची आहे. ती संपल्यावर मधले कांहीं दिवस भाषांतरावर किंवा शिकवणीवर काढावे लागतील, हा हिशेब आधींच मांडलेला बरा. हा हिशेब मांडून जो निघतो, त्याच्यावर मागाहून पश्चात्तापाची पाळी सहसा येत नाहीं. न मांडतां निघालेला मात्र दोन्हींकडून जातो.

आणि घरच्यांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. २०२४ सालचें वाङ्मयाचें नोबेल पारितोषिक हान कांग या कोरियन लेखिकेला मिळालें. अशी एखादी कादंबरी मराठींत आणावयाची तर इंग्रजीच्या मध्यस्थीनें ती आणणें सोपें खरें, पण त्यांत मूळचा सूर दोनदां गाळला जातो. तो मुळांतून ऐकणारीं माणसें मराठींत निर्माण व्हावयास पाहिजेत. हेचोनें बाराशें-तेराशें वर्षांपूर्वीं हा देश स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिला आणि चिनी भाषेंत लिहून ठेवला. ज्या घरांतील मुलगी आज उलट वाटेनें निघूं म्हणते, त्या घरानें तिला आधीं तीन प्रश्न विचारावे: विषय कोणता, भाषा किती, आणि वाटखर्ची संपल्यावर काय? तिघांचीं उत्तरें तिच्याजवळ असतील, तर तिचें सामान बांधावयास घरच्यांनींच हात लावावा.