घरी राहिलेल्या बाईचे काम

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. सतरंज्या घालायला सांगा, हळदीकुंकवाचे वाण वाटायला सांगा, ते मी आनंदाने करीन. पण अध्यक्षबाई म्हणाल्या, "मनात आहे तेवढेच बोला." म्हणून उभी राहिले आहे. काही चुकले तर आपलीच समजून सांभाळून घ्यावे.

गेल्या वर्षीची गोष्ट. माझा मुलगा कॉलेजचा अर्ज भरत बसला होता आणि मी पोळ्या लाटत होते. अर्जात 'आईचा व्यवसाय' असा एक रकाना होता. त्याने तिथे काहीतरी लिहिले आणि तो पुढे गेला. मी विचारले, "काय रे लिहिलेस?" तो म्हणाला, "काही नाही." मला वाटले, सांगायचे टाळतो आहे. हात पुसून जवळ जाऊन पाहिले, तर खरेच 'काही नाही' असेच लिहिले होते!

मला आधी हसू आले आणि मग रात्री झोप आली नाही. मुलगा वाईट नाही. त्याने जे घरात ऐकले तेच लिहिले. कोणी पाहुणे आले आणि "वहिनी काय करतात?" असे त्यांनी विचारले, तर "काही नाही, घरीच असते" हे उत्तर आमच्याकडे ठरलेले आहे. मी स्वतःही तेच सांगत आले. २०२४ साली आपल्या राज्याने मुलाच्या नावानंतर आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव लिहिण्याचे ठरवले. फार चांगले झाले. आईचे नाव कागदावर आले, आता तिचे कामही यावे.

हे उत्तर मी पहिल्यांदा ऐकले ते माहेरी. माझे माहेर मूर्तिजापूरकडचे, खारपाणपट्ट्यातले. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात हा पट्टा पसरलेला आहे. जमिनीखालचे पाणी खारट. त्यात तुरीची डाळ शिजत नसे आणि ते पिऊन तहान भागत नसे. गोड पाणी लांबून आणावे लागे. आई पहाटे दोन आणि संध्याकाळी दोन खेपा करी. ती आजारी पडली तेव्हा मी नुकतीच सातवी पास झाले होते. आठवीत जायचे राहून गेले. गावात कोणी विचारले, "पोरगी काय करते?" तर घरचे सांगत, "काही नाही, घरीच असते." त्या वेळी माझ्या डोक्यावर गुंड असे आणि कमरेवर कळशी!

आमच्या माहेराजवळच, मूर्तिजापूर तालुक्यातले दापुरे हे गाडगेबाबांचे आजोळ. जन्म १८७६ सालचा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, पण लहानपण दापुऱ्याला गेले. १९०५ साली ते घर सोडून निघाले. ज्या गावी जात तिथे आधी खराटा घेऊन रस्ते झाडीत, मग भाकर मागत आणि रात्री कीर्तन करीत. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. आज आपल्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. झाडणे हे हलके काम नव्हे, हे सगळ्या महाराष्ट्राला त्यांनी शिकवले.

पण अंगण झाडताना माझ्या मनात एक विचार येतो. बाबा निघून गेले तेव्हा मागे त्यांची आई सखुबाई, पत्नी कुंताबाई आणि लेकरे राहिली. त्या घरात सडासारवण आणि पाणी थांबले नसणार. बाबांचा खराटा सर्वांना ठाऊक आहे, कुंताबाईंचा फडा कोणाच्या ध्यानात आहे? बाबांची थोरवी यात तिळभर कमी होत नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की रस्ता झाडला तर ती सेवा होते, तशी घर झाडले तरी व्हावी.

त्या अर्जानंतर मी दुधाच्या हिशेबाच्या वहीत आठ दिवस माझे काम मांडले. किती वाजता उठले, पाणी भरायला किती वेळ गेला, सासूबाईंची औषधे, दळण, धान्य निवडणे, सगळे लिहिले. दिवसाला सरासरी साडेसात तास निघाले. उन्हाळ्यातली वाळवणे, कुरडया आणि सरगुंडे त्यात धरले नाहीत. पुढे वर्तमानपत्रात वाचले की सरकारनेही अशी पाहणी केली आहे. २०२४ सालच्या त्या पाहणीत बिनमोबदल्याचे घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटे निघाले आणि पुरुषांचे ८८. हे ८८ सुद्धा जे पुरुष घरात काही करतात त्यांचेच. तरी जनगणनेत नुसते घरकाम करणारी बाई 'काम न करणारी' म्हणूनच मोजली जात आली.

कोणी म्हणेल, कागदावर आले नाही तर बिघडले कुठे? बिघडते, बायांनो. माझ्या चुलत वहिनीचे सांगते. आपल्या वऱ्हाडात वखर-डवरा पुरुषांचा आणि निंदण-वेचणी बायकांची. तिने वीस वर्षे त्याच वावरात निंदण केले, कापूस वेचला, सीतादही केले. भाऊ अकस्मात गेले. सातबाऱ्यावर नाव एकट्या भाऊंचे. फेरफार होईपर्यंत तिला पीककर्ज मिळाले नाही आणि एक हंगाम हातचा गेला. नवऱ्याच्या हयातीतच बायकोचे नाव सातबाऱ्यावर यावे, म्हणून शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली आणि १९९२ साली शासनानेही त्याच नावाची योजना काढली. पण आमच्या घरात कोणाला ते सुचले नाही, कारण वहिनी 'काही करत नाही' असेच सगळे धरून चालले होते.

आता माझी स्वतःची चूक सांगते, नाहीतर हे भाषण खोटे ठरेल. वही लिहिण्याच्या आठ दिवसांतच आमच्याकडे धुणेभांडी करणाऱ्या बाईचे लेकरू तापाने आजारी होते. तिचे दोन खाडे झाले. महिनाअखेर मी दोन दिवसांचे पैसे कापले. ती काही बोलली नाही. नोटा पदरात बांधून गेली. संध्याकाळी वहीत स्वतःचे तास लिहिताना माझाच हात थांबला. माझे काम कोणी मोजत नाही म्हणून मी रुसले होते, आणि त्या बाईच्या घरी लेकराच्या उशाशी बसणे हे काम मी मोजले नव्हते. दुसऱ्या दिवशी पैसे परत केले. ती म्हणाली, "काकू, राहू द्या." मी राहू दिले नाही. तेव्हापासून महिन्याला दोन दिवसांची भरपगारी सुट्टी ठरवली आहे. माझे घर काही बुडाले नाही.

म्हणून मंडळापुढे माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, आजपासून आपल्यापैकी कोणीही "मी काही करत नाही" असे म्हणू नये. दुसरी, ज्यांचे वावर आहे त्यांनी घरच्यांशी सातबाऱ्याचे गोडीने बोलून घ्यावे. वेळ चांगली असतानाच हे विषय काढावेत. तिसरी, आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाईला भरपगारी सुट्टी देण्याचा ठराव मंडळाने करावा.

या वर्षी पुन्हा तोच अर्ज आला. मुलाने या वेळी विचारले, "आई, इथे काय लिहू?" मी म्हटले, "गृहिणी लिही. आणि लिहून झाले की उठ, ताटे घे." त्याने लिहिले आणि ताटेही घेतली. पाण्याचे तांबे मात्र विसरला. ते पुढच्या वर्षी!