मालवण किनाऱ्यावरील फांद्यांचे स्पंज : ओळख आणि वर्गीकरण

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या प्रवाळांत, खडपांच्या कडेला वाढणारा फांद्यांचा स्पंज पहिल्या नजरेला झुडूप वाटतो. तो प्राणी आहे. अंगभर पसरलेल्या सूक्ष्म रंध्रांतून पाणी आत येते, कॉलर पेशी त्यातील अन्नकण गाळतात आणि मोठ्या छिद्रांतून पाणी बाहेर पडते. या प्राणिसंघाला ‘पोरिफेरा’ हे नाव रॉबर्ट ग्रँट यांनी १८३६ साली दिले. त्यानंतर दहा-बारा वर्षांतच सर्जन हेन्री जॉन कार्टर मुंबईच्या तळ्यांतले गोड्या पाण्याचे स्पंज सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होते. त्या मानाने कोकणच्या समुद्री स्पंजांच्या वाट्याला फार थोडे अभ्यासक आले, ही खेदाची गोष्ट आहे.

समोरचा जीव स्पंजच आहे, ही खात्री आधी करावी लागते. समुद्रपंखा आणि त्याचे भाऊबंदही फांद्या काढतात. पण त्यांच्या फांदीवर आठ शुंडकांचे इवलेसे पॉलिप फुलतात. स्पंजाला शुंडके नसतात. त्याच्या फांदीवर, बहुधा एका बाजूने ओळीत, उघडी गोल छिद्रे दिसतात.

फांद्या मोजून जात ठरवण्याचा मोह मात्र घातक. एकाच जातीचा स्पंज लाटांच्या माऱ्यात खडकाला चिकटून पापुद्र्यासारखा पसरतो आणि शांत पाण्यात बोटांसारखा उभा वाढतो. उलट अगदी दूरच्या गणांतील जाती हुबेहूब एकसारख्या दिसतात. नुसत्या छायाचित्रावरून जातीचे नाव लावणे म्हणूनच अशास्त्रीय ठरते.

खरी ओळख सांगाड्यात असते. नखाएवढा तुकडा परीक्षानळीत घेऊन त्यावर ब्लीचचे द्रावण ओतले की मांस आणि स्पाँजिन या प्रथिनाचे तंतू विरघळतात, तळाशी पांढरी भुकटी उरते. पाण्याने अनेकदा धुऊन तिचा थेंब काचपट्टीवर ठेवला की काचेच्या सुया चमकू लागतात. याच कंटिका. त्याच स्पंजाचा पातळ उभा छेदही हवा. कारण कंटिका कोणत्या आहेत याइतकेच त्या कशा रचल्या आहेत हे महत्त्वाचे.

स्पंजांचे चार वर्ग मानले जातात. कंटिका चुन्याच्या असतील तर आम्लाच्या थेंबाने फसफसतात. तो चूर्णमय वर्ग. षट्‌शूकी काचस्पंज बहुतेक खोल समुद्रातले. होमोस्क्लेरोमॉर्फा हा लहान वर्ग, त्यातील स्पंज सहसा पापुद्र्यासारखे. प्रवाळांतले फांद्यांचे स्पंज जवळजवळ सगळे डेमोस्पंज वर्गात पडतात. ज्ञात जातींपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक याच वर्गातल्या.

त्यांच्यात हॅलिक्लोना मऊ, चटकन तुटणारा. दोन्ही टोकांना अणकुचीदार अशा आखूड कंटिकांची जाळी त्यात दिसते. कॅलिस्पाँजिया त्याचाच गणबंधू, पण स्पाँजिनच्या दणकट तंतूंमुळे दाबला तरी पुन्हा उसळतो. ॲक्झिनेलाच्या फांदीचा गाभा ताठ असतो आणि त्यातून पिसासारख्या कंटिका बाहेर वळतात. क्लॅथ्रियात काटेरी कंटिका, धनुष्याकृती कंटिका आणि नांगरासारखे सूक्ष्म आकडे सापडतात. हे आकडे दिसले की पोसिलोस्क्लेरिडा गणाकडे वळावे. प्रत्येक प्रकारच्या निदान पंचवीस कंटिकांची लांबी-जाडी मोजल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

भारतीय किनाऱ्यांवरील स्पंजांची यादी अजून पुरी झालेली नाही. जिवंत प्रवाळ पोखरणारा ‘क्लायोना थॉमसी’ हा स्पंज पश्चिम किनाऱ्यावरून २०१९ साली नवी जाती म्हणून प्रसिद्ध झाला. त्याचे नाव मन्नारच्या आखातातील स्पंजांचा अभ्यास करणाऱ्या पी. ए. थॉमस यांच्या गौरवार्थ आहे, आणि तसेच काम मालवणात व्हायला हवे.

मालवण सागरी अभयारण्य १३ एप्रिल १९८७ रोजी घोषित झाले, क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर. तेथे नमुना घेण्यापूर्वी वनविभागाची परवानगी लागते. तुकडा लहान घ्यावा, बुंधा जागेवर राहू द्यावा म्हणजे स्पंज पुन्हा वाढतो. नमुना मद्यार्कात ठेवला की त्याचा रंग लवकर उतरतो. म्हणून जिवंतपणीचा रंग, खोली, तारीख आणि बोटांना जाणवलेला पोत यांची नोंद होडीवर येताच क्रमांक देऊन करावी आणि तोच क्रमांक शिसपेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी बाटलीत घालावी.