शाईचा हिशेब आणि चिखलाचा हिशेब
(कोरगाव, तालुका पेडणे येथे ग्रामस्थांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही तेरेखोल नदीच्या पलीकडचे, आरोंद्याचे. पण आमच्या आयुष्यातील ऐन उमेदीची वर्षे नदीच्या या काठावर गेली. पूर्वी किरणपाणीच्या तरीने आणि मागाहून पुलावरून रोज इकडे यावे, एका छापखान्यात खिळे जुळवावेत आणि दिवेलागणीला परतावे, हा आमचा क्रम होता. खिळे गेले, संगणक आला, तेव्हा पन्नाशीकडे झुकलेली आमची बोटे नव्या कळांवर फिरू लागली. सांगावयाचे ते एवढेच, की आपण आज ज्या विषयावर आम्हांस बोलावयास उभे केले आहे, त्या विषयाचे आम्ही पंडित नव्हे. सरकारी मदत, तुटपुंजी मजुरी आणि त्यांपायी गावागावांत धुमसणारी असूया, हा तो विषय. त्याची झळ मात्र आम्हांस लागलेली आहे, आणि त्या झळीत आमच्या हातून एक चूकही झालेली आहे. तीच आधी आपल्यापुढे कबूल करतो.

नोकरी संपल्यावर १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेखाली आम्हांस दरमहा सुमारे १७०० रुपये मिळू लागले. या योजनेतील पेन्शन महागाईबरोबर वाढत नाही. २०१४ च्या सप्टेंबरात किमान पेन्शन १००० रुपये ठरली आणि तो आकडाही वर्षानुवर्षे जागचा हलला नाही. एके दिवशी आम्ही बँकेच्या पायरीवर पासबुक भरून घेण्यासाठी बसलो होतो. शेजारी आपल्याच गावची एक वृद्ध विधवा बसली होती. तिच्या खात्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे २००० रुपये जमा झाले होते. आमच्या मनात हिशेब उभा राहिला : आमच्या नावाने दरमहा वर्गणी भरली गेली, तरी आमच्या पदरी १७००, आणि जिने एक पैसाही भरला नाही तिला २०००! तोंडातून शब्द निघून गेले, "बरे आहे, सरकार फुकट वाटते आहे."

ती रागावली नाही. आपले हात पुढे करून म्हणाली, "भाऊ, तुमच्या हाताक शाई लागली, माज्या हाताक चिखल. शाईचो हिशेब कोणीतरी लिवन ठेवलो, चिखलाचो कोणी ठेवूक नाय."

मंडळी, आम्ही आयुष्यभर इतरांचे अग्रलेख जुळवले. पण इतके नेमके वाक्य आमच्या हाताखालून क्वचितच गेले असेल. चाळीस वर्षे या बाईने दुसऱ्याच्या शेतात तरवा लावला, काजूच्या हंगामात बोंडू गोळा केले, पावसाळ्यात बांध सावरले. तिच्या नावाने भविष्यनिर्वाह निधी कोणी उघडला? तिची हजेरी कोणत्या पुस्तकात लागली? जी मजुरी तिला त्या काळी द्यावयास हवी होती आणि दिली गेली नाही, तिचाच काही अंश आज २००० रुपयांच्या रूपाने परत येत आहे. याला फुकट कसे म्हणावे? आम्ही त्याच पायरीवर तिची क्षमा मागितली.

परंतु क्षमा मागून प्रश्न मिटत नाही. आमच्यासारखा माणूस आपल्याहून दुबळ्या माणसावर का चिडला, हे पाहिले पाहिजे.

पहिले कारण सीमेचे आहे. गोव्यातील या योजनेसाठी गोव्यात पंधरा वर्षांचे वास्तव्य लागते. आम्ही वीस वर्षांहून अधिक काळ येथे घाम गाळला. पण रात्री निजावयास पलीकडे गेलो, म्हणून येथे आमचा हक्क नाही. महाराष्ट्रात श्रावणबाळ योजना आहे. तिच्याखाली पासष्टी ओलांडलेल्या निराधारांस २०२३ पासून दरमहा १५०० रुपये मिळू लागले. पण तेथे कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१००० रुपयांच्या आत असावे लागते. आमची पेन्शनच वर्षाला वीस हजारांवर जाते. तीत मुलाची मजुरी मिळवली की संपलेच! महिन्याला १७५० रुपयांत सबंध कुटुंबाने जगावे, तेव्हाच ते गरीब ठरणार! अशा रीतीने दोन राज्यांच्या मध्ये आमच्यासारखी माणसे कोरडीच राहतात. १५ ऑगस्ट १९५५ रोजी याच तालुक्यातील पत्रादेवीच्या सीमेवर जे सत्याग्रही गोळ्या खावयास उभे राहिले, ते देशाच्या नाना प्रांतांतून आले होते. त्यांनी वास्तव्याचा दाखला मागून मग पाऊल टाकले नव्हते, एवढे स्मरण येथे पुरे.

आणि गंमत पहा. गोव्यात २०१२ साली गृहआधार योजना निघाली. गृहिणीला मिळणारी तिची रक्कम पुढे १५०० रुपयांपर्यंत गेली. महाराष्ट्रात २०२४ साली लाडकी बहीण योजना आली. तिचीही रक्कम १५०० रुपयांचीच! नदीच्या दोन्ही काठांवरील बहिणींचे मोल दोन्ही सरकारांनी एकाच आकड्यात केले. तरीही पलीकडे म्हणतात, गोवेकरांची चैन आहे. आणि अलीकडे म्हणतात, महाराष्ट्राने तिजोरी उधळली.

दुसरे कारण नियमांच्या घडणीत आहे. गृहआधारासाठी पती-पत्नीचे मिळून वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असावे, असा नियम ठेवण्यात आला. म्हणजे महिन्याला पंचवीस हजार. समजा, एखाद्याचा पगार या रेषेला टेकलेला आहे आणि मालकाने त्यात शंभर रुपयांची वाढ दिली. वर्षाला बाराशे रुपये आले आणि अठरा हजार गेले! असा कडा जेथे उभा आहे, तेथे दोनच गोष्टी संभवतात. प्रामाणिक माणूस कड्यावरून खाली पडतो आणि चतुर माणूस दाखल्यावरील आकडा बदलून घेतो. मग पहिला दुसऱ्याकडे पाहून दात-ओठ खातो. महाराष्ट्रात २०२५ साली सुमारे २६ लाख लाभार्थींची रक्कम अपात्रतेच्या संशयावरून थांबवावी लागली. लाभ घेणाऱ्यांत चक्क हजारो पुरुष आणि सरकारी नोकरीतील स्त्रियाही आढळल्या. निवडणुकीपूर्वी छाननी न करता वाटावयाचे आणि निवडणूक आटोपल्यावर छाननी काढावयाची, या रीतीने खऱ्या गरजू स्त्रीवरही चोरीचा आळ येतो. गोव्यातही रक्कम महिनोन्महिने थकल्याच्या तक्रारी वारंवार झाल्या. जी मदत केव्हा येईल याचा भरवसा नाही, तिच्यावर औषधाची उधारी कशी फेडावी?

तिसरे कारण सर्वांत खोल आहे. ते म्हणजे मजुरी. माणसाला नोकरी असूनही सरकारी मदतीची वाट पाहावी लागते, ही गोष्ट आपण हल्ली इतकी अंगवळणी पाडून घेतली आहे, की तिचे आश्चर्यही वाटत नाही. वास्तविक, कामगाराला किती वेतन हवे याचा विचार या देशाने केव्हाच करून ठेवला आहे. १९४८ साली किमान वेतनाचा कायदा झाला. १९५७ साली भारतीय श्रम परिषदेच्या पंधराव्या अधिवेशनात सरकार, मालक आणि कामगार या तिघांनी मिळून माप ठरवले : कामगार, त्याची पत्नी आणि दोन मुले यांना पुरेसे अन्न, कुटुंबास वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन-दिवाबत्ती वगैरेंसाठी एकूण वेतनाच्या वीस टक्के. १९९१ साली रेप्टाकोस ब्रेट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचे शिक्षण, औषधोपचार, म्हातारपणाची तरतूद यांसाठी आणखी पंचवीस टक्क्यांची भर घातली. त्यापूर्वीच त्याच न्यायालयाने बजावले होते, की जो धंदा किमान वेतन देऊ शकत नाही, त्याला चालू राहण्याचा अधिकार नाही.

हे माप घेऊन आपण आपल्या तालुक्यात फिरा. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. हरमल, मांद्रे, मोरजी येथे हॉटेले उभी राहिली. आपल्या मुलांना काम लागले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण पुष्कळांना ते लागले कंत्राटदाराच्या हाताखाली. कंत्राटदार बदलला की नोकरी नवी, आणि मागची वर्षे पाण्यात. आमचा स्वतःचा मुलगा असाच एका हॉटेलात राबतो. हंगामात बारा-बारा तास काम आणि पावसाळ्यात घरी. त्याच्या पगाराची पावती आम्ही आजवर पाहिलेली नाही. त्याच्या म्हातारपणीही बँकेच्या पायरीवर कोणीतरी त्याला 'फुकट खाणारा' म्हणेल काय, हा विचार आमची झोप उडवतो.

इतिहासात या रोगाचा एक जुना दाखला आहे. १७९५ साली इंग्लंडातील बर्कशायर परगण्यात स्पीनहॅमलंड येथे न्यायाधीशांनी ठरवले, की मजुराची कमाई पावाच्या किमतीस पुरी पडत नसेल, तर उरलेली तूट धर्मकरातून भरून द्यावी. हेतू दयेचा होता. पुढे तक्रार झाली, की तूट कोणीतरी भरतोच आहे म्हणून मालकांनी मजुरी वाढवण्याचे टाळले. १८३४ साली मजुरांनाच आळशी ठरवून ती मदत काढून घेण्यात आली. त्या काळच्या चौकशीत अतिशयोक्ती होती, असे मागाहून इतिहासकारांनी दाखवले आहे. तरी एक धडा उरतोच. मजुरीला कायद्याचा तळ नसेल, तर गरिबाच्या ओंजळीत ओतलेले पाणी मालकाच्या घागरीत पाझरते; आणि शेवटी शिक्षा होते ती गरिबालाच.

उलट दाखला आपल्या महाराष्ट्राचाच आहे. तासगाव तालुक्यातील प्रयोगापासून वि. स. पागे यांनी रोजगार हमीचा विचार मांडला. १९७२ च्या दुष्काळात लक्षावधी माणसे खडी फोडून जगली आणि १९७७ साली हमीचा कायदा विधिमंडळाने मंजूर केला. त्याचा पैसा कोठून आला? १९७५ साली शहरांतील नोकरदार आणि व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर बसवण्यात आला, तो मुख्यत्वे याचसाठी. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून पैसे कापले जात आणि ते मराठवाड्यातील बंधाऱ्यावर माती वाहणाऱ्या बाईच्या हाती पडत. कुरकुर झाली असेल. पण देणाऱ्याला दिसत होते की रस्ता झाला, पाझर तलाव झाला. घेणाऱ्या बाईची मानही ताठ होती, कारण ती मजुरी होती आणि हजेरीपटावर तिचे नाव होते. चिखलाचा हिशेब लिहून ठेवण्याचा तो पहिला मोठा प्रयत्न होय.

आता अंगणवाडी सेविकेकडे पहा. सरकारच्या कितीतरी योजना गरिबाच्या दारी तीच नेते. पण तिला वेतन नाही, 'मानधन' आहे! केंद्राने २०१८ च्या ऑक्टोबरपासून सेविकेचे मानधन महिना ४५०० आणि मदतनिसाचे २२५० रुपये केले. त्यात राज्ये आपली भर घालतात. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे वदवून घेण्यासाठी २०२२ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. कल्याणकारी म्हणवणारे राज्यच जर नावाला मान आणि हाताला अपुरे धन देत असेल, तर खासगी मालकाने त्याच्याकडून काय शिकावे?

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. मदत बंद करा, अशी मागणी आपल्यापैकी कोणीही करू नये. म्हातारी, विधवा, अपंग यांना मिळणारी रक्कम ही समाजाने थकवलेली देणी आहेत. ती ठरलेल्या तारखेस मिळावी आणि महागाईबरोबर वाढावी. उत्पन्नाच्या रेषेवर कडा नको, उतार हवा. पगार वाढेल तशी मदत हळूहळू कमी व्हावी, एका रात्रीत तुटू नये. लाभार्थींची पात्रता निवडणुकीच्या आधी आणि मागाहून सारख्याच नियमाने तपासली जावी. नदी ओलांडून राबणाऱ्याची सेवेची वर्षे कोठेतरी धरली जावीत. यासाठी दोन्ही सरकारांनी एका मेजाशी बसावे.

आणि यापुढची गोष्ट आपल्या हातची आहे. २०१९ ची वेतन संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. देशभर मजुरीचा तळ केंद्राने ठरवावा, अशी तरतूद तिच्यात आहे. पण कायदा कागदावरून उठून आपल्या वाड्यावर आपोआप येत नाही. ज्यांची मुले कामावर जातात, त्यांनी आज घरी गेल्यावर एवढेच विचारावे : पगाराची पावती मिळते काय? भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक आहे काय? एकट्याने विचारले तर नोकरी जाईल हे भय खरे आहे. म्हणूनच पन्नास जणांनी मिळून विचारावे. गावात चार शिकलेली मुले आहेत. त्यांनी रविवारी दोन तास बसून लोकांची पासबुके, पावत्या आणि अर्ज पाहून द्यावेत. आम्हीही पलीकडून येऊ. खिळे जुळवलेली बोटे अजून अर्ज लिहू शकतात.

शेजारणीच्या २००० रुपयांकडे डोळे लावून बसलो, तर आपल्या मुलाच्या पगारातून काय गळते आहे ते कधीच दिसणार नाही. त्या माउलीच्या हातांवरील चिखलाचा हिशेब आपल्या पिढीने ठेवला नाही, हे आपले पाप. निदान मुलांच्या घामाचा हिशेब तरी आज लिहावयास बसू या. वही आम्ही आणली आहे. पहिले नाव कोणाचे लिहावयाचे, ते सांगा.