शब्दाचे शेजारी पाहा
(उरण तालुक्यातील एका गावी पालकांच्या सभेत केलेले भाषण)



आम्ही कोणी पंडित नव्हे. आम्ही मराठी शाळेचे साधे मास्तर; आमचे शिक्षणही मराठी अध्यापक विद्यालयातच झाले. इंग्रजी आम्ही अडखळत शिकलो, म्हणूनच पोर कोठे अडखळते ते आम्हांस ठाऊक आहे. आपली मुले रोज दहा दहा इंग्रजी शब्द घोकतात आणि आपण कौतुक करतो. पण पोपटही घोकतोच. मांजर आले म्हणजे त्यातले काय कामी येते?

गेल्या वर्षी सातवीतला एक मुलगा घरचा जुना कागद घेऊन धावत आला. म्हणाला, "गुरुजी, आमच्या आजोबांना अवॉर्ड मिळाला होता!" त्याच्या वहीत अवॉर्ड म्हणजे बक्षीस, असे लिहिलेले. सायंकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो. आजोबा ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, "बक्षीस कसला, गुरुजी? जमीन गेली ती!"

सिडको १९७० साली निघाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादनात आल्या. तेव्हा १८९४ चा भूसंपादन कायदा चालू होता. त्यात अवॉर्ड म्हणजे जमीन किती, मोबदला किती आणि तो कोणाकोणाला, याचा सरकारी निवाडा. शब्द एकच, पण शाळेच्या समारंभात तो हार घालतो, आणि भूसंपादनाच्या कागदात घरची शेती नेतो.

इंटरेस्ट हा दुसरा शब्द. बँकेत तो व्याज, खेळात तो आवड. पण संपादनाच्या नोटिशीत ज्याचा मोबदल्यावर हक्क पोहोचतो तो 'इंटरेस्टेड' मनुष्य. मालकच नव्हे, तर हक्क सांगणारी बहीण आणि कूळही त्यात येते. कोणी त्याचा अर्थ आवड असा घेऊन नोटीस वळचणीला खोचून ठेवली, तर हक्क मांडायचा राहूनच गेला!

आणि प्रोटेस्ट? तो तर आपल्या अंगणातला शब्द. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात जो लढा झाला आणि ज्यात पाच जण हुतात्मे झाले, तो प्रोटेस्टच. पण पैशाच्या पावतीवर 'अंडर प्रोटेस्ट' असे लिहिले, तर तेथे मोर्चा नसतो. त्याचा अर्थ, रक्कम घेतो, पण ती पुरेशी आहे हे कबूल नाही. त्या कायद्याच्या ३१ व्या कलमाप्रमाणे, अशी हरकत न राखता ज्याने रक्कम उचलली, त्याला वाढीव मोबदल्यासाठी १८ व्या कलमाखाली दाद मागता येत नसे. १ जानेवारी २०१४ पासून नवा कायदा आला. त्यातही ही अट आहे. दोन शब्दांवर कोर्टाचे दार उघडते किंवा बंद होते!

मग मुलांनी करावे काय? जे आपण मराठीत करतो तेच. 'खारीत भरतीचे पाणी शिरले' म्हटले की आपण फावडे घेऊन बांधाकडे धावतो. 'खार झाडावर चढली' म्हटले की कोणी फावडे उचलत नाही. हे आपणांस कोणत्या कोशाने शिकविले? शेजारच्या शब्दांनीच ना?

तेव्हा शब्द अडला की आधी सगळे वाक्य वाचावे. कागद कोणी, कोणाला, कशासाठी लिहिला ते पाहावे. आपल्या मनाने अर्थ बांधावा. मगच कोश किंवा मोबाइल उघडावा, आणि पहिला दिसेल तो अर्थ न उचलता त्या वाक्यात बसेल तो निवडावा. शेवटी त्या शब्दाचे स्वतःचे एक वाक्य करावे. मात्र सही करावयाचा कागद असेल, तर अंदाजावर राहू नये. जाणत्या वकिलाला विचारावे.

पालकहो, मुलाला "किती शब्द पाठ झाले?" असे विचारू नका. घरातील एखादी नोटीस, बिल, औषधाची चिठ्ठी त्याच्यापुढे ठेवा आणि म्हणा, "बाळा, यात आपल्याला काय सांगितले आहे?" ज्या दिवशी पोर ते नीट सांगेल, त्या दिवशी ते इंग्रजी शिकले असे समजा.