कोंबडीच्या पोटातील तालीमखाना

परभणी जिल्ह्यातील अंगणात दाणे टिपणाऱ्या कोंबडीच्या पिलाच्या शेपटीखाली, आतल्या बाजूस, फॅब्रिशियसची थैली असते. रक्तजनक मूळपेशींची काही संतती, पिल्लू अंड्यात असतानाच, तेथे दाखल होऊन, तालीम घेऊन, प्रतिपिंडे घडविणारी फौज बनते. ही थैली लहानपणीच काढल्यास प्रतिपिंडे बहुधा निर्माण होत नाहीत, हे अमेरिकेत ब्रूस ग्लिक व सहकाऱ्यांनी 1956 साली प्रसिद्ध केले. थैलीच्या ‘बर्सा’ या नावावरूनच त्या पेशी ‘बी’ ठरल्या. मनुष्यास ही थैली नाही. आपल्या बी पेशी अस्थिमज्जेतच घडतात. पिलांना होणाऱ्या गंबोरो रोगाचा विषाणू नेमका थैलीतील याच तालीमखान्यावर घाला घालतो. कुक्कुटपालक बंधूंनो, पिलांची या रोगावरील लस कृपया चुकवू नका.