सालामांका : सोनेरी दगडांचे विद्यानगर



स्पेन म्हटले की आपल्या घरांतून कुर्तुबा आणि गरनाता ही दोनच नावे निघतात, आणि पाठोपाठ एक सुस्कारा. आज मी तुम्हाला त्याच देशातल्या एका वेगळ्या गावी नेणार आहे. त्याचे नाव सालामांका. मी स्वतः तेथे गेलेलो नाही. मास्तराच्या पगारात नकाशावर बोट फिरवणेच परवडते!

तोर्मेस नदीच्या काठी हे गाव आहे. नदीवरील जुन्या पुलाच्या १५ कमानी रोमनांच्या वेळच्या आहेत. ७१२ साली मूसा बिन नुसैर यांची फौज येथवर आली, पण पुढे हा मुलूख सरहद्दीचा झाला आणि बराच काळ जवळजवळ ओस राहिला. १२१८ साली लेओनचा राजा नववा अल्फान्सो याने येथे विद्यापीठ स्थापले. आज चालू असलेल्या स्पॅनिश विद्यापीठांत ते सर्वांत जुने. २०१८ साली त्याला ८०० वर्षे झाली.

तेथे काय शिकवीत? वैद्यकाच्या वर्गात इब्न सीनाचा ‘कानून’ चाले. १३१२ साली चर्चच्या परिषदेने अरबी व हिब्रू शिकवण्यासाठी जी मोजकी विद्यापीठे निवडली, त्यांत पॅरिस, ऑक्सफर्ड, बोलोन्या यांच्या जोडीला सालामांका होते. हेतू धर्मप्रसाराचा होता, हे लपवण्यात अर्थ नाही. तरीही परक्याचे ज्ञान त्याच्याच भाषेतून वाचावे लागते, एवढे त्यांना कळले होते. याच गावचा ज्योतिर्विद अब्राहम झाकुतो. १४९२ साली यहुद्यांना देशाबाहेर काढले तेव्हा तोही पोर्तुगालला गेला, आणि त्याची कोष्टके पोर्तुगीज खलाशांच्या हाती पडली. १४९८ साली कालिकतला आलेल्या वास्को द गामाची गोष्ट मुलांनो तुम्ही वाचलीच आहे.

आता इमारती पाहू. जवळच्या विलामायोरच्या खाणीतला दगड काढताना मऊ असतो, मागाहून हवा लागून सोनेरी होतो. म्हणूनच दगडावर इतके बारीक काम झाले. विद्यापीठाच्या दर्शनी भिंतीवर एका कवटीवर लहानसा बेडूक कोरला आहे. तो स्वतः शोधून काढील तो परीक्षेत पास, अशी विद्यार्थ्यांची समजूत! १५१३ साली नवे कॅथेड्रल बांधायला घेतले, पण जुने पाडले नाही. दोन्ही एकमेकांना खेटून उभी आहेत. मधला मोठा चौक १७२९ ते १७५५ या काळात बांधला गेला. भिंतीभर दगडी शिंपले असलेल्या एका सरदाराच्या वाड्यात आज सार्वजनिक वाचनालय आहे. मला स्वतःला सर्वांत आवडते ते हेच.

जुन्या कॅथेड्रलला लागून सांता बार्बाराची खोली आहे. पदवीची परीक्षा देणाऱ्याला आदल्या रात्री तेथे एकट्याला कोंडीत. समोर एका बिशपची कबर. सकाळी परीक्षक येत. पास झालेला पुढल्या दाराने वाजतगाजत निघे आणि त्याचे नाव तांबड्या अक्षरांत भिंतीवर चढे. ती अक्षरे अजून दिसतात. नापास झालेला मागल्या दाराने निघून जाई. पालकहो, आपल्याकडे हे मागले दार फार लवकर उघडते. दहावीला एकदा गणित राहिले की दप्तर खुंटीला आणि मुलगा दुकानात. मुलगी असेल तर तेवढीही वाट पाहिली जात नाही. माझ्या वर्गातली अशी रिकामी बाके मी मोजली आहेत.

येथे फ्राय लुईस दे लेओन नावाचे अध्यापक होते. मूळ हिब्रू पोथीला त्यांनी मान दिला आणि तिचा एक भाग लोकभाषेत उतरवला, म्हणून धर्मन्यायालयाने १५७२ साली त्यांना तुरुंगात टाकले. १५७६ च्या अखेरीस सुटले. परत वर्गावर आले तेव्हा, कालच तास संपला असावा अशा थाटात त्यांनी पुढचा पाठ सुरू केला, असे परंपरा सांगते. तो वर्ग जपून ठेवला आहे. मुलांची बाके म्हणजे ओबडधोबड लाकडी तुळया आहेत, आणि त्यांवर त्या काळच्या विद्यार्थ्यांनी चाकूने खरडलेल्या खुणा आहेत.